बॉनेटखाली स्विचवर चालणारी, पावसापाण्यात टिकणारी १२ व्होल्टची लाइन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बॉनेटखाली १२ व्होल्टचा एक पॉइंट हवा आहे. त्यावर टायरमध्ये हवा भरायचा १८० वॉटचा पंप आणि सोबत २० वॉटचा कामाचा दिवा चालायला हवा. स्विच डॅशबोर्डवर, चावी काढली की सगळं आपोआप बंद, आणि पावसात किंवा गाडी धुताना काही बिघडता कामा नये. तुमचा बेत असा की बॅटरीच्या प्लसवरून वायर आत डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत न्यायची, तिथून परत बाहेर आणायची, स्विचजवळ ३० अँपिअरचा फ्यूज बसवायचा आणि शेवटी रबरी झाकणाचं, सिगारेट-लायटरच्या धाटणीचं सॉकेट लावायचं.

पहिल्या दिवशी या बेतातला पंप नक्की फिरेल. म्हणूनच अशी कामं फसतात. सर्किट कागदावर पाच मिनिटांत काढून होतं आणि चालूही होतं. पुढची दोन-तीन वर्षं उष्णता, थरथर आणि पाणी या तिघांशी त्याची गाठ असते. त्यामुळे असं काम हातात घेतलं की मी आधी विचारतो, हे बिघडेल तेव्हा कसं बिघडेल? नुसतं बंद पडेल, की धूर काढेल? तुमच्या बेतात धूर निघायची सोय आहे, आणि ती फ्यूजच्या जागेत आहे.

फ्यूज पंपाला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. गाडीचं सगळं पत्र्याचं अंग बॅटरीच्या मायनसला जोडलेलं असतं. प्लसची वायर कुठेही सोलवटून पत्र्याला टेकली की शॉर्ट. अशा वेळी गाडीची साधी बॅटरीसुद्धा काहीशे अँपिअर सहज फेकते आणि वायर काही सेकंदांत लाल होते. फ्यूज त्या टेकलेल्या जागेच्या अलीकडे, म्हणजे बॅटरीच्या बाजूला असेल तरच तो उडेल. तुमच्या बेतात बॅटरीपासून स्विचपर्यंतची दीड-दोन मीटर वायर फ्यूजविना जाते, आणि तीही इंजिन व केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून, जिथे घासण्याची शक्यता सगळ्यात जास्त. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून १५ ते २० सेंटिमीटरच्या आतच हवा. आधी वायरचा मार्ग ठरवून उरलेल्या जागेत फ्यूज कोंबण्यापेक्षा आधी फ्यूजची जागा ठरवा आणि मग बाकीचं मांडा.

दुसरा बदल रिलेचा, म्हणजे बारीक प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. पंप आणि दिव्याचे मिळून साधारण पंधरा अँपिअर (हिशेब पुढे आहे) केबिनमध्ये आणायचं काहीच कारण नाही. रिले बॉनेटखालीच राहतो आणि आत येते फक्त त्याच्या कॉइलची बारीक वायर, जिच्यातून ०.१५ ते ०.२ अँपिअर जातो. चार पायांच्या नेहमीच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे छापलेले असतात. ३० वर फ्यूजमधून आलेला बॅटरीचा प्लस, ८७ वरून पंपाकडे जाणारी वायर, ८६ वर स्विचकडून येणारा प्लस आणि ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. पाच पायांचा रिले घेतला तर मधल्या पायावर काय छापलंय ते नीट वाचा. तिथे ८७ए असेल तर तो उलटा संपर्क असतो, म्हणजे रिले बंद असताना चालू. काही रिलेंमध्ये मात्र मधला पायसुद्धा ८७ च असतो, दोन्ही एकत्र जोडलेले. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि जोडणी चुकली की ‘स्विच बंद केला की पंप सुरू होतो’ अशी गंमत होते.

कॉइलचा प्रवाह तोडताना उलट्या दिशेने व्होल्टेजचा झटका बसतो, त्याने स्विचचे संपर्क खराब होतात आणि शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही तो मानवत नाही. म्हणून कॉइलला समांतर रेझिस्टर किंवा डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) आतच बसवलेला रिले घ्या. मी रेझिस्टरवाला घेतो. डायोडवाल्यात ८५ आणि ८६ ची अदलाबदल झाली की डायोडमधून सरळ शॉर्ट होतो आणि कंट्रोलचा फ्यूज उडतो. रेझिस्टरला उलटं-सुलटं नसतं.

आता आकडे. इंजिन चालू असताना गाडीत १३.५ ते १४.४ व्होल्ट असतात. १३.५ धरले तर पंपाचे १३.३ अँपिअर, दिव्याचा दीड, म्हणजे साधारण १५. सतत चालणारा भार फ्यूजच्या आकड्याच्या तीन चतुर्थांशाच्या वर नसावा, तोही बॉनेटखालच्या उष्णतेत. तेव्हा फ्यूज २० चा, पिवळा. ३० चा हिरवा नको. एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही: २० चा फ्यूज २१ अँपिअरला उडत नाही. पात्याचे फ्यूज दर्शवलेल्या आकड्याच्या १३५ टक्के प्रवाहाला, म्हणजे इथे २७ अँपिअरला, दहा मिनिटांपर्यंतही तग धरू शकतात. तेवढा वेळ वायरने ते २७ अँपिअर निमूटपणे वाहायला हवेत. हे गणित ३० च्या फ्यूजला लावलं तर आकडा ४० च्या पुढे जातो.

म्हणून मी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरेन. अडीचची चालेल का? २० च्या फ्यूजला चालेल, पण व्होल्टेजचा हिशेब बघा. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरचा रोध मीटरला साधारण १७ मिलिओहम असतो. रिले घातल्यावर बॅटरी ते पॉइंट आणि अर्थ मिळून एकूण लांबी अडीच मीटर होईल. ४ च्या वायरमध्ये १५ अँपिअरला जेमतेम ०.१६ व्होल्ट खर्च होतात, अडीचमध्ये ०.२६. तुमच्या मूळ बेतात वायर आत जाऊन परत येते, म्हणजे अर्थ धरून सहाएक मीटर. तिथे अडीचच्या वायरमध्ये सहा दशांश व्होल्टच्या वर गेले असते, शिवाय स्विचच्या संपर्कातले वेगळे. पंपाची मोटर ते लगेच दाखवते, दम लागल्यासारखी चालते.

वायर गाडीसाठी बनवलेलीच घ्या: बारीक तंतूंची आणि किमान १०५ अंश सेल्सिअस सोसणाऱ्या आवरणाची. घरातल्या वायरिंगची वायर इथे नको. तिचं साधं पीव्हीसी ७० अंशांसाठी असतं, बॉनेटखाली ते आधी मऊ पडतं, मग कडक होऊन तडकतं. आणि ‘तांब्याची’ म्हणून विकली जाणारी फार स्वस्त वायर दिसली तर एक तंतू पात्याने खरवडून बघा. आतून पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. त्याचा रोध जास्त, दाबलेले जोड ढिले होतात, आणि ओल लागली की त्याची पांढरी भुकटी होते.

कंट्रोलची लाइन केबिनमधल्या फ्यूजबॉक्समधून घ्या. फ्यूजच्या जागी बसून दुसऱ्या फ्यूजची सोय करणारे फ्यूज-टॅप मिळतात. पुढच्या ॲक्सेसरी सॉकेटचा फ्यूज यासाठी उत्तम. एअरबॅग, एबीएस, इंजिनचा कंट्रोलर, इंधनपंप यांच्या वाटेला जाऊ नका. मूळ फ्यूज काढून दोन खाचांपैकी कोणत्या खाचेत चावी चालू असताना १२ व्होल्ट येतात ते मल्टीमीटरने बघा. टॅपचा सामाईक पाय, म्हणजे जिथून दोन्ही फ्यूजना वीज मिळते तो, त्या खाचेत गेला पाहिजे. उलटा बसवला तरी चालतो, पण मग तुमचा प्रवाह मूळ फ्यूजमधूनही जातो आणि वेगळा फ्यूज घालायचा हेतूच संपतो. चावी काढल्यावर ते १२ व्होल्ट खरोखर जातात का, तेही तपासा. हल्लीच्या काही गाड्यांत ही लाइन चावी काढल्यावरही काही मिनिटं जिवंत राहते आणि दार उघडून लॉक केल्यावरच झोपते. टॅपमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज, तिथून स्विच, स्विचमधून ०.७५ ची वायर बाहेर रिलेच्या ८६ ला. करंटच्या मानाने याहून बारीकही पुरली असती, पण बारीक वायर ओढताना तुटते.

काही जण ८६ ला कायमचा प्लस देऊन स्विच अर्थच्या बाजूला घालतात. वायर वाचते, हे खरं. पण ती अर्थकडची वायर कुठे पत्र्याला टेकली तर फ्यूज उडत नाही; रिले गुपचूप चालू होतो आणि राहतो. सकाळी बॅटरी उतरलेली. प्लसच्या बाजूला स्विच असेल तर तीच वायर टेकल्यावर ३ चा फ्यूज उडतो आणि सगळं बंद पडतं. मला बंद पडणारा बिघाड हवा असतो, म्हणून मी नेहमी प्लसच तोडतो.

हेडलाइटच्या वायरवरून कंट्रोल घ्यायचा मोह झाला तर तो आवरा. बऱ्याच नव्या गाड्यांत हेडलाइटला सलग १२ व्होल्ट न देता तुकड्यातुकड्यांनी वेगाने चालू-बंद करत वीज दिली जाते, आणि त्या वीजेवर रिले कडकड करत बसतो. गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर उच्च व्होल्टेजच्या नारिंगी वायरींच्या आसपास हातच घालू नका.

आता पाणी. तुम्ही ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे पाणी आत शिरूच नये असं समजून चालला आहात. मीही एके काळी तसंच समजत होतो. एका गाडीत रिले आणि फ्यूज प्लास्टिकच्या डबीत ठेवून सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवल्या होत्या, अभिमानाने. काही महिन्यांनी गाडी परत आली तेव्हा डबी उघडली तर तळाशी बोटभर पाणी आणि रिलेच्या पायांना हिरवागार कळंक. डबी फुटलेली नव्हती. होतं असं की इंजिनजवळ डबी तापते, आतली हवा पसरून कुठल्यातरी बारीक फटीतून बाहेर जाते. मग डबक्यातून गाडी गेली की डबी एकदम गार होते आणि त्याच फटीतून बाहेरची ओल आत ओढते. हे रोज थोडं थोडं. आलेलं पाणी बाहेर पडायला मात्र वाट नसते. काही वेळा फटसुद्धा लागत नाही, वायरच्या आवरणाच्या आतून, तंतूंच्या मधून पाणी चढतं.

तेव्हापासून मी दोनच प्रकारे करतो. एक तर रिले आणि फ्यूजहोल्डर स्वतःच सीलबंद जातीचे, वायरनिहाय रबरी सील असलेले. नाहीतर साधे रिले, पण खालून उघड्या किंवा तळाला निचऱ्याचं भोक असलेल्या आवरणात, पाय खाली आणि टोपी वर. सगळ्या वायरी खालून वर शिरतात, आणि शिरण्याआधी प्रत्येक वायरला खाली झुकणारा एक वळसा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी वळशाच्या तळाला थेंब होऊन गळतं. साधा रिले आडवा किंवा पाय वर करून लावला की त्याचीच वाटी होते.

सीलबंद मालावर आयपी६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून आत पाणी गेलं नाही, एवढाच. जवळून मारलेल्या दाबाच्या फवाऱ्याची ती परीक्षा नव्हे; ती वेगळी असते, आयपी६९के नावाची. त्यामुळे गाडी धुताना या भागावर प्रेशरचा पाइप थेट धरू नका.

सील वायरच्या आवरणाच्या जाडीप्रमाणे निवडायची असते, तांब्याच्या जाडीप्रमाणे नव्हे. कनेक्टरमधलं एखादं घर रिकामं राहिलं तर त्यात बंद खुंटी घाला.

आणि ते लायटर छाप सॉकेट. ते मी लावणार नाही. झाकण बंद असेल तेवढाच वेळ ते पाणी अडवतं. शिवाय त्याचा मधला संपर्क स्प्रिंगच्या दाबावर टेकलेला असतो आणि १३ अँपिअर दहा मिनिटं वाहिले की तो चांगलाच तापतो. त्यात जरा गंज आला की प्लास्टिक वितळलंच. त्याऐवजी दोन पिनांचा, लॉक होणारा सीलबंद कनेक्टर लावा आणि पंपाच्या वायरला त्याचा जोडीदार. इथे वायरचा हिशेब नीट करणारेही चुकतात, कारण पिनेचा हिशेब राहून जातो. डॉइच कंपनीच्या लोकप्रिय डीटी मालिकेतली पिन १३ अँपिअरची असते, म्हणजे तुमच्या १५ ला अपुरी. त्याच घराण्यातली डीटीपी २५ अँपिअरची आहे आणि ४ ची वायरही घेते. गाडीकडच्या, म्हणजे जिवंत बाजूला आत दडलेले संपर्क हवेत, उघड्या पिना पंपाच्या बाजूला. पंप काढल्यावर कनेक्टरला त्याचं रबरी टोपण लावून ठेवा.

जोड दाबून करा, झाळून नको. झाळताना कथील तंतूंच्या आत काही मिलिमीटर चढतं आणि जिथे ते संपतं तिथे कडक आणि लवचीक यांची सीमा तयार होते. थरथरीने वायर नेमकी तिथेच तुटते. योग्य मापाचं टर्मिनल, रॅचेटची क्रिंपिंग पक्कड आणि वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, आणि ती गोंद कडेने बाहेर डोकावेपर्यंत तापवायची. साध्या पक्कडीने चेपलेला जोड हाताने ओढून बघा, बऱ्याचदा हातात येतो.

वायर पन्हळी स्लीव्हमध्ये घाला आणि दर वीतभर ते फूटभर अंतरावर गाडीच्या अंगाला बांधा, इंजिनला नव्हे. इंजिन हलतं, अंग हलत नाही. दोघांच्या मधून वायर जाणारच असेल तर ढील ठेवा. एक्झॉस्टपासून जितकं लांब जाता येईल तितकं जा, स्टिअरिंगच्या दांड्यापासून आणि पंख्यापासूनही. इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो, तेव्हा पॉइंटची जागा अशी निवडा की पंप जोडताना हात तिकडे जाणार नाही. केबिनमध्ये शिरताना शक्यतो मूळ वायरींचा रबरी ग्रोमेटच (भोकाच्या कडेला बसवलेलं रबर) वापरा. नवं भोक पाडलंच तर कडा घासून, रंग लावून, ग्रोमेट बसवून मगच वायर घाला. उघड्या पत्र्याची कड वायरला सुरीसारखी लागते.

अर्थकडे लोक शेवटी आणि उरलेल्या वायरने बघतात. जेवढा प्रवाह प्लसमधून जातो तेवढाच अर्थमधून परत येतो, म्हणून तीही ४ चीच. गाडीत कंपनीने दिलेला अर्थचा बोल्ट जवळ असेल तर तोच घ्या. नसेल तर अंगावरचा पक्का बोल्ट शोधा, रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, थिंबल (वायरच्या टोकाला दाबलेलं कडं), दातेरी वॉशर, घट्ट, आणि मग वरून ग्रीस किंवा रंग. थेट बॅटरीच्या मायनसला जोडू नका. बऱ्याच गाड्यांत मायनसच्या क्लॅम्पवर एक सेन्सर असतो, तो बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजतो. त्याला वळसा घालून जोडलं तर गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो.

काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढा आणि शेवटी तोच सगळ्यात शेवटी जोडा. प्लस आधी सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला तर तो तिथेच चिकटतो. काम संपेपर्यंत २० चा फ्यूज खिशात ठेवा.

सगळं जोडून झालं की नुसता पंप फिरतोय म्हणून बॉनेट लावू नका. इंजिन चालू, पंप आणि दिवा दोन्ही चालू, आणि मल्टीमीटर व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं पॉइंटच्या प्लसला: वायर, फ्यूज, रिले सगळं धरून ०.३ च्या आत हवं. मग बॅटरीच्या मायनसपासून पॉइंटच्या मायनसपर्यंत: ०.१ च्या आसपास. जास्त आलं तर टोक एकेक जोडाने पुढे सरकवत जा, ज्या जोडाच्या दोन बाजूंमध्ये आकडा उडी मारतो तो दोषी. पंप-दिवा बंद ठेवून केलेल्या तपासणीत हे कधीच दिसत नाही, कारण प्रवाहच नसतो. दहा मिनिटं पंप चालवून फ्यूजहोल्डर, रिलेचा तळ आणि कनेक्टर हाताने चाचपा. कोमट चालेल, बोट काढावंसं वाटलं तर तो जोड परत करा. नंतर चावी काढा, गाडी झोपू द्या, आणि ८७ वर शून्य येतं का ते बघा.

पंप वापरताना इंजिन चालू ठेवा, अर्थात बंद गॅरेजमध्ये नाही. इंजिन बंद असेल तर दहा मिनिटांच्या पंपाने बॅटरीतून सव्वादोन अँपिअर-तास जातात, चांगल्या बॅटरीला ते काही नाही, पण थकलेल्या बॅटरीला तेच महागात पडतं.

महिन्याभराने बॅटरीवरचं थिंबल आणि अर्थचा बोल्ट एकदा पान्याने तपासा, नवे जोड बसताना थोडे ढिले होतात. आणि फ्यूजहोल्डरवर मार्करने लिहून ठेवा: पंप, २० अँपिअर, कंट्रोलचा ३ चा फ्यूज आत. उद्या ही गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात आली तर तो माणूस तुमची लाल वायर बघून फ्यूजबॉक्स उपसत बसणार नाही.